पीटीचे सर नागपुरात राहायला आलेत, खो-खोसाठी 27 बाय 16 मीटर जागा सुचवा

नॅरोगेज | 2 नोव्हेंबर 2025, रात्री 9.40

मंडळी, मदत हवी आहे.

मागच्या मंगळवारी पहाटे सव्वापाचला मनीषनगरातल्या एका सातमजली इमारतीच्या गच्चीवरून शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. अर्धी सोसायटी उठून बसली. वॉचमन चोर समजून काठी घेऊन वर धावला, तर गच्चीवर पांढरा हाफ शर्ट, गळ्यात दोरी, वय 71, पाण्याच्या टाकीसमोर ताठ उभे आमचे सर. एकटेच. सेक्रेटरींनी संध्याकाळी मुलाच्या हातात पत्र दिलं. शिट्टी आता मुलाच्या ऑफिसच्या बॅगेत असते. मुलगा मिहानला नोकरीला आहे, म्हणजे शिट्टी रोज मिहानला जाऊन येते.

सर 1979 ते 2012 उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यातल्या एका शाळेत होते. शाळेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून. शिकवायचे खो-खो, आणि सोबत पाचवी ते आठवीचा भूगोल, कारण पीटीवाल्याला एखादा ‘खरा विषय’ दिल्याशिवाय आमच्या हेडमास्तरांचं समाधान होत नसे. भूगोलही ते पटांगणातच घ्यायचे. फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, नद्या आखायच्या. एका कोपऱ्यातून वैनगंगा झालेली पोरगी धावत निघायची, दुसरीकडून वर्धा. चपराळ्याला दोघींनी हात धरायचे, तिथून पुढं नाव प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला खो. मी कन्हान होतो. माझं धावणं थोडकं, वैनगंगेला शिवलो की खाली बसायचं. माझ्या मुलीला मी अजून नद्या अशाच सांगतो, आणि ती मोबाइलमध्ये बघते.

तालुक्याला जिंकलो की जिल्ह्याला नागपूर. छोट्या लाईनीच्या गाडीनं इतवारीला यायचो. ती गाडी इतकी सावकाश यायची की पोरं दोन झोपा काढून उठायची आणि सर प्रत्येक स्टेशनावर डोकी मोजायचे. नोव्हेंबर 2019 ला ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. माझं टोपणनाव तिथलंच.

दोन वर्षांपूर्वी बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. मुलानं सरांना इकडे आणलं. सून चांगली आहे, जेवणखाण, औषधं, सगळं वेळेवर. पण मी गेलो तेव्हा म्हणाले, ‘बावा, इथं सगळेच बसून आहेत, उठवायला कोणी नाही.’ दुपारी जयप्रकाश नगरहून मेट्रोत बसतात, सीताबर्डीला उतरतात, परत येतात. विचारलं कशाला, तर म्हणे वरून मैदानं दिसतात. किती मोकळी आणि कितींवर खुर्च्या मांडलेल्या, ते मोजतात.

तर प्रश्न असा, की मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर या बाजूला 27 बाय 16 मीटर मोकळी, मातीची जागा मिळेल का? आठवड्यातून तीन सकाळी. पैसे नकोत. ‘क्लास’ हा शब्दही नको, ते चिडतात. पोरं किमान बारा.

---

तर्री_मारके | 2 नोव्हेंबर, रात्री 10.15

भाऊ, गणपती-नवरात्रात रात्रभर डीजे चालते ते सोसायटीले, अन् एका म्हाताऱ्याची शिट्टी नाही चालत? वा रे वा. सरांले आमच्या इकडे रेशीमबागेले घेऊन या. मैदान केवढं मोठं आहे. पोट्टे मी गोळा करून देतो, झाल्यावर तर्री-पोहे माझ्याकडून.

---

महालचा_भाचा | 2 नोव्हेंबर, रात्री 10.50

तर्रीभाऊ, भावना पोचल्या, पण रेशीमबागेत कधी प्रदर्शन, कधी सभा, कधी मंडप. आज आखलेलं मैदान उद्या सापडेलच याची खात्री नाही. आमच्या चिटणीस पार्कचं तेच आणि कस्तुरचंद पार्कचंही तेच. यशवंत स्टेडियम डिसेंबरात अधिवेशनाच्या मोर्चेवाल्यांचं. मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल उत्तम, पण मनीषनगर शहराच्या या टोकाला आणि मानकापूर त्या टोकाला. 71 वर्षांचा माणूस पहाटे तिथं जाणार कसा?

बागा तर विसराच. बागेत चालता येतं, बसता येतं, लाफ्टर क्लब चालतो. पळणाऱ्या पोराला मात्र वॉचमन हटकतो. मी स्वतः ऐकलंय, ‘ए, गवत खराब होते.’

अवांतर: नागपूरला असली माणसं नवी नाहीत. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल घेऊन बसले, त्यांच्यावर पुढं हिंदी सिनेमाही आला. पण मला नेहमी वाटतं, सिनेमा एकावर निघतो आणि तसे पन्नास जण तालुक्याच्या गावांत फक्की टाकत म्हातारे होतात.

---

दोन_पोरांची_आई | 3 नोव्हेंबर, सकाळी 11.05

वाईट वाटून घेऊ नका, पण आजच्या काळात अनोळखी माणसाकडे पोरं सोडताना आम्ही विचारणारच. ओळखपत्र, पत्ता, सोबत आणखी कोण असणार? माझी मोठी बॅडमिंटनला जाते, तिथं सीसीटीव्ही आहे, गेटवर सही आहे. सर देवमाणूस असतील, पण ते मला कसं कळणार?

आणि प्रामाणिक प्रश्न. खो-खोला पुढं काही आहे का? बुद्धिबळ म्हटलं तर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यंदा महिलांचा विश्वचषक जिंकून आली, तिरंदाजी म्हटलं तर ओजस देवतळे. खो-खोचं काय?

---

सूरपाटी | 3 नोव्हेंबर, दुपारी 2.30

ताई, पहिल्या प्रश्नाला शंभर टक्के अनुमोदन. विचारायलाच पाहिजे.

दुसऱ्याचं उत्तर देतो. यंदाच जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 तारखेला दोन्ही अंतिम सामने आपण जिंकले, दोन्ही नेपाळशी. मुलींनी 78-40, मुलांनी 54-36. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. 2022 ला लीगही सुरू झाली, टीव्हीवर दाखवली. सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे, त्यात खो-खो आहेच.

पण हे सगळं मॅटवर आणि सात-सात गड्यांत. आम्ही जुने लोक आट्यापाट्या आणि खो-खो मातीत खेळलेले. नऊ जण मैदानात, तीन बाहेर, नऊ मिनिटांची पाळी. सरांचं यावर काय मत आहे, ते विचारून सांगा. जुन्या पंचांशी माझी यावरून भांडणं झालीत.

---

नॅरोगेज | 3 नोव्हेंबर, रात्री 9.20

सूरपाटी, विश्वचषक आम्ही सरांच्या घरीच पाहिला. पहिला अर्धा तास ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘बाकीचे दोन कुठी गेले?’

मॅटला त्यांचा विरोध नाही. उलट म्हणाले, गुडघे तरी फुटणार नाहीत. त्यांची तक्रार वेगळी. सगळे पळणाऱ्याकडे बघतात, बसलेल्याकडे कॅमेरा जातच नाही. आम्हाला त्यांनी पहिले तीन आठवडे नुसतं बसायला शिकवलं होतं. आठ जण उकिडवे, एकाआड एक तोंड फिरवून, टाच उचललेली, हात जमिनीला, नजर पळणाऱ्या गड्यावर. पाठीवर हात पडला पाहिजे आणि कानात ‘खो’ पडला पाहिजे. दोन्ही झाल्याशिवाय उठलास तर फाऊल. उठलास की खांदा ज्या बाजूला वळला ती तुझी दिशा, खांबापर्यंत परत फिरणं नाही, मधली पाटी ओलांडणं नाही. बारा वर्षांच्या पोराला हे शिकवणं म्हणजे उकळत्या दुधाला ‘थांब’ म्हणण्यासारखं.

दोन_पोरांची_आई, तुमचं बरोबर आहे. मी स्वतः प्रत्येक वेळी हजर राहीन, सरांचा मुलगाही रविवारी येईल. आधार, पत्ता, जे हवं ते देऊ.

---

खांबावरची | 4 नोव्हेंबर, दुपारी 4.10

मी 1986 ते 89 त्या शाळेत होते. नाव लिहीत नाही, पण सर वाचत असतील तर त्यांना एवढं पुरे, की भिवापूरच्या मिरचीच्या पोत्यावरून सूर मारायला शिकलेली ती मीच.

सगळे सरांबद्दल लिहिताहेत, म्हणून मी बाईंबद्दल लिहिते.

मुलींचा संघ काढायचा तर सोबत बाई माणूस लागतं, स्पर्धेच्या ठिकाणी महिला व्यवस्थापक लागतेच. शाळेत तेव्हा दोन शिक्षिका, एकीचं मूल तान्हं, दुसरीच्या घरून परवानगी नाही. मग सरांनी स्वतःच्या बायकोला उभं केलं. त्यांना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या सामन्यात मी गडी बाद केला तर त्यांनी मलाच विचारलं, ‘लागलं का गं त्या पोरीला?’

पण आमच्या घरी परवानगी मागायला सर कधीच आले नाहीत. यायच्या बाई. चुलीपाशी बसायच्या, आईशी कापसाचं, सासूचं बोलायच्या, आणि उठता उठता म्हणायच्या, ‘तुमची पोरगी माझ्याजवळ झोपते, मी जागी राहते.’ एवढंच. आणि खरंच जाग्या राहायच्या. नागपूरला एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही बारा जणी झोपलेल्या आणि त्या दाराला पाठ लावून बसलेल्या. हाफ पँटला आमच्या घरचे तयार नव्हते, तर त्यांनी बारा सलवारी घोट्याला इलॅस्टिक लावून शिवल्या. पाळीचे दिवस कुणाचे, हे त्यांना माहीत असायचं, सरांना काही बोलायचं नाही, नुसतं ‘आज हिला बसू द्या’. सर बसवायचे. कारण विचारत नसत.

डबा त्यांचा. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा, आणि जिंकलो तर परतीच्या गाडीत लाखोळीच्या डाळीचे वडे. हरलो तरी तेच वडे, कारण तळून आधीच आणलेले असायचे.

बिल्ला, ट्रॅकसूट, मानधन, त्यांना कधी काही मिळालं नाही. प्रमाणपत्रावर व्यवस्थापक म्हणून सही करायची जागा असते, तिथं त्या नाव लिहायच्या, हळूहळू, एकेक अक्षर. माझ्या प्रमाणपत्रावर ती सही आहे.

सरांना नागपुरात मैदान मिळेलही. पण आता दाराला पाठ लावून कोण बसणार?

---

तर्री_मारके | 4 नोव्हेंबर, दुपारी 4.32

ताई, ऑफिसात वाचून राहिलो होतो. उठून बाहेर जावं लागलं.

---

बाकावरचा | 4 नोव्हेंबर, रात्री 11.48

खूप गोड गोड चाललंय, म्हणून थोडं तिखट.

मी त्याच शाळेचा, नव्वदच्या दशकातला. तीन वर्षं बारावा गडी. मैदानात नऊ, राखीव तीन, त्यातला शेवटचा. तीन वर्षांत मी एकूण किती मिनिटं खेळलो, ते माझ्या दोन हातांच्या बोटांवर येईल. पण सराव सगळ्यांइतकाच. आणि लवकर उठलो की पोटरीवर वेताची छडी. उकिडवा बसलेला, मागून पडायची, दिसायचीही नाही. घरी आई हळद लावायची आणि बाप म्हणायचा, सरांनी मारलं म्हणजे तुझंच चुकलं असेल.

मी आज पन्नाशीकडे आलो. माझ्या पोरावर मी हात उचलत नाही. हे मी सरांकडून शिकलो नाही, सरांमुळे शिकलो. फरक कळत असेल तर बघा.

मैदान शोधा, जरूर शोधा. पण धाग्याचं देऊळ करू नका.

---

महालचा_भाचा | 5 नोव्हेंबर, सकाळी 8.15

तेव्हा सगळेच मारायचे हो. आमच्या वेळी तर

---

बाकावरचा | 5 नोव्हेंबर, सकाळी 8.21

‘तेव्हा सगळेच’ हे वाक्य मला नको. सगळे माझ्या पोटरीवर मारत नव्हते.

---

नॅरोगेज | 5 नोव्हेंबर, रात्री 10.05

बाकावरचा, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मलाही पडलीय. मी पहिल्या पोस्टमध्ये ते लिहिलं नाही, कारण जागा मागायला निघालो होतो आणि जागा मागताना माणूस चांगलंच सांगतो. ही माझी चलाखी होती, कबूल.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 2010 ला लागू झाला आणि शारीरिक शिक्षेला बंदी आली. सर 2012 ला निवृत्त झाले. म्हणजे शेवटची दोन वर्षं त्यांनी छडीशिवाय शिकवलं, आणि संघ त्याही वर्षी जिल्ह्याला गेला होता. मग आधीची तीस वर्षं छडी कशाला होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आज संध्याकाळी सरांकडे गेलो होतो. तुमची पोस्ट वाचून दाखवावी की नाही, दहा मिनिटं ठरेना. शेवटी वाचली. चहा पुढ्यात होता, घेतला नाही. विचारलं, ‘नाव लिहिलं का त्यानं?’ म्हटलं नाही. ‘खिडकीकडचा बारावा. पाऊस आला की मैदानावर झाकायला ताडपत्री घेऊन पहिला तोच पळायचा.’ मग बराच वेळ गप्प. निघताना म्हणाले, ‘हो, मारलं. लिही तसं. कारण लिहू नको.’

तसं लिहिलं.

---

खाकी_2011 | 6 नोव्हेंबर, सकाळी 7.30

ड्युटीवरून आलो, धागा सलग वाचला. मी शहर पोलिसांत आहे, त्याच शाळेचा. माझी गोष्ट कागदांची आहे.

भरतीत खेळाडूंच्या जागेवर लागलो. त्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते, आणि ती व्हायलाच पाहिजे, बोगस कागदांनी किती खऱ्या पोरांच्या जागा खाल्ल्या आहेत. माझं प्रमाणपत्र खरं, पण जुनं. म्हणाले, शाळेनं स्पर्धेसाठी भरलेला मूळ प्रवेश अर्ज आणा, ज्यावर बारा खेळाडूंची नावं, जन्मतारखा, मुख्याध्यापकाची सही आहे. शाळेत गेलो. जुनी कपाटं रद्दीत गेली होती. मुदतीला आठ दिवस.

सरांच्या घरी गेलो. पलंगाखालून पत्र्याची पेटी काढली. 1979 पासूनच्या प्रत्येक प्रवेश अर्जाची कार्बन कॉपी. वर्ष, वयोगट, 14 खालील, 17 खालील, सुतळीनं बांधलेलं, मध्ये कडुनिंबाचा पाला. माझी प्रत चार मिनिटांत हातात. निळी शाई फिकट झालेली, पण नाव वाचता येत होतं. पुरावा म्हणून ती जोडली आणि काम झालं.

मी विचारलं, सर, हे तुम्ही का ठेवलं? म्हणे, ‘बाईनं ठेवलं. मी फेकायले निघालो होतो.’

बाकावरच्या भाऊ, बाराव्याचंही नाव त्या अर्जात असतं. प्रमाणपत्र बाराही जणांना सारखंच मिळतं, मिनिटं मोजत नाहीत. आरक्षणाचं तुमचं वय निघून गेलं, ते सोडा. छडीचं तुमचं म्हणणं त्यानं खोडून निघत नाही, हेही मान्य.

---

जुनी_पेन्शन | 6 नोव्हेंबर, दुपारी 1.10

मी तिकडचाच निवृत्त लिपिक. मैदानाशी संबंध नाही, पण हिशेब सांगतो.

लोकांना वाटतं पीटीचा मास्तर म्हणजे मजा. जनगणना त्याला, निवडणूक त्याला, पोलिओ त्याला, प्रार्थनेची घंटा त्याला, 26 जानेवारीच्या कवायतीत पोरगं चक्कर येऊन पडलं तर शिव्या त्याला. सरांची शाळा सुरुवातीला विनाअनुदानित होती. अनुदान येईपर्यंत पगार कधी अर्धा, कधी ज्वारीत. ती वर्षं सेवेत धरून घ्यायला त्यांनी किती चपला झिजवल्या, ते मी बघितलंय. तरी नशीब म्हणा, नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्या बहुतेकांना ती नाही. अधिवेशनावर मोर्चा निघतो त्यात सर दरवर्षी येतात, स्वतःला पेन्शन असून. मी विचारलं तर म्हणे, ‘तेवढंच यशवंत स्टेडियमवर पाय पडते.’

नव्या शाळांत तर पूर्णवेळ क्रीडा शिक्षक दिसणंच कमी झालं. सहावी ते आठवीत शंभरावर पोरं असली तर अंशकालीन निदेशक, असा नियम कागदावर आहे. अंशकालीन माणूस कार्बन कॉपी कशाला जपेल?

---

संपादक | 6 नोव्हेंबर, दुपारी 3.00

पेन्शनवर वेगळा धागा आहे, कृपया तिकडे. इथे जागा आणि सरांविषयीच राहू द्या.

---

बेसाकर | 8 नोव्हेंबर, सकाळी 9.45

उशिरा वाचलं. बेसा-पिपळा रोडच्या आत आमच्या मोठ्या भावाचे लेआउटमध्ये तीन प्लॉट लागून आहेत. घर बांधायचं अजून चार-पाच वर्षं तरी नाही, मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत. प्रत्येक 30 बाय 50 फूट. तिन्ही मिळून 90 बाय 50. मी मीटरमध्ये केलं. लांबी 27.4, म्हणजे बसते. रुंदी मात्र 15.2, म्हणजे पाऊण मीटर कमी पडते.

जमीन काळी आहे, पावसाळ्यात विचारू नका. गाजरगवत कमरेएवढं. साप असू शकतो. हे सगळं आधीच सांगतो. भावाला विचारलं, तो म्हणाला भिंत पाडू नका, बाकी काहीही करा.

---

नॅरोगेज | 8 नोव्हेंबर, सकाळी 9.52

बेसाकर!! फोन नंबर निरोपात पाठवा. दुपारी सरांना घेऊन येतो.

---

नॅरोगेज | 9 नोव्हेंबर, रात्री 8.30

काल जाऊन आलो. सरांनी टेप आणायला सांगितली नव्हती, पावलांनी मोजलं. माझ्यापेक्षा तीन पावलं कमी भरली, कारण त्यांचं पाऊल अजून मोजूनमापून बरोबर एक मीटर पडतं. समोरचा रस्ता कच्चा आहे, वर्दळ नाही. ‘पाऊण मीटर रस्त्यात घेऊ,’ म्हणाले. मी म्हटलं सर, रस्ता सार्वजनिक आहे. म्हणे, ‘पोरंही सार्वजनिकच आहेत.’

नंतर खाली बसले. उकिडवे. 71 व्या वर्षी, टाच उचलून. मी घाबरलो, पण ते जमीन बघत होते. चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, खडे फार आहेत, पहिले आठ दिवस खेळ नाही.

---

दोन_पोरांची_आई | 9 नोव्हेंबर, रात्री 9.15

धाकट्याला आणते. पण आठ दिवस खेळ नाही म्हणजे काय करणार पोरं?

---

नॅरोगेज | 23 नोव्हेंबर, दुपारी 12.20

दोन आठवड्यांची हकिगत, थोडक्यात.

पहिल्या दिवशी चार पोरं. दोघं ‘दोन_पोरांची_आई’ ताईंच्या ओळखीची, दोघं समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनची, बालाघाटकडची, मराठी तोडकं. सरांनी चौघांना चार कोपऱ्यांत उभं केलं आणि खडे वेचायला लावले. जो जास्त वेचेल तो पहिला खो देणार. ताईंनी सोबत आणलेल्या एका बाबांनी अर्ध्या तासानं विचारलं, ‘सर, ट्रेनिंग कधी सुरू होणार?’ सर म्हणाले, ‘सुरू आहे.’ ते बाबा पोराला घेऊन गेले, परत आले नाहीत. मला त्यांचाही राग नाही, त्यांनी पाऊण तास गाडी चालवली होती.

दुसऱ्या आठवड्यात सात. आज अकरा. वॉचमनची मोठी मुलगी आहे, दहा-अकरा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ घेऊन येते. सरांनी तिला सांगितलं, त्याला खाली ठेव आणि पळ. तो रडला. मग आज एक घटना झाली. खांबावरची ताई पुण्याहून लग्नाला नागपुरात आल्या होत्या, न सांगता बेसाला पोचल्या. सरांना नमस्कार केला, बोलल्या काही नाहीत, ते पोरगं उचललं आणि भिंतीला पाठ लावून बसल्या दीड तास. सरांनी तिकडे एकदाच बघितलं.

खांब अजून नाहीत. चार फुटी, गुळगुळीत, दोन. सध्या दोन विटांचे ढीग आहेत, त्यावर सूर मारायला सक्त मनाई आहे.

शिट्टी मुलानं परत दिली. अट, फक्त बेसात वाजवायची. छडी नाही. मी नाही, सरांनीच पहिल्या दिवशी पोरांसमोर दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले. पोरांना काही कळलं नाही, त्यांना वाटलं व्यायाम आहे, त्यांनीही केले.

---

बाकावरचा | 23 नोव्हेंबर, रात्री 10.40

वाचतोय.

पाऊस-पाण्याचं काय करता? नोव्हेंबरातही एखादी सर येते, काळ्या मातीत एकदा पाणी मुरलं की चार दिवस मैदान गेलं.

---

नॅरोगेज | 23 नोव्हेंबर, रात्री 10.44

ताडपत्री नाहीये अजून.

---

खाकी_2011 | 24 नोव्हेंबर, सकाळी 6.50

खांब मी बघतो. सागाचे मिळतील, रंधा मारून घेतो. पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे. घमेली आणि फावडी कोणाकडे आहेत का? गाजरगवत मुळासकट काढावं लागेल, नुसतं कापून भागत नाही.

---

तर्री_मारके | 24 नोव्हेंबर, सकाळी 7.02

घमेले दोन आहेत, फावडं एक. पोहे किती जणांचे आणू, आकडा सांगा. अन् रस्ता नीट सांगा बे, मागच्या वेळेस मी पिपळ्याले जाऊन परत आलो.

---

बेसाकर | 24 नोव्हेंबर, सकाळी 7.30

पॉवर हाऊसच्या चौकातून आत या, डावीकडे. फक्कीची दोन पोती भावाच्या शेडमध्ये टाकून ठेवलीत. शेडची किल्ली माझ्याकडे आहे, सहाला या, त्याआधी नको, कुत्रं सोडलेलं असतं.